फ्री डिशची छत्री स्वतः जुळवताना: मेनूतले शब्द आणि कामाचा क्रम

स्ट्रेंग्थ ७५ टक्के, क्वालिटी शून्य. फ्री डिश स्वतः बसवणाऱ्या बहुतेकांचं काम याच दोन आकड्यांवर अडतं, आणि मग छत्री इकडून तिकडे फिरवण्यात अख्खी दुपार जाते. दोष अनेकदा छत्रीच्या दिशेत नसतोच. तो मेनूतल्या एका चुकीच्या आकड्यात किंवा केबलच्या टोकाशी वाकलेल्या एका तारेत असतो. पण दिसते ती छत्री, म्हणून हात तिच्याकडेच जातो.

मेनूतले एलएनबी फ्रिक्वेन्सी, सिम्बॉल रेट, पोलरायझेशन, २२के हे शब्द कळले की कोणता बिघाड कुठे शोधायचा ते आपोआप कळतं. म्हणून प्रत्येक शब्द जिथे लागतो त्याच टप्प्यावर सांगितला आहे. उदाहरण डीडी फ्री डिशचं घेतलं आहे: उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व, फ्रिक्वेन्सीचा पट्टा केयू. क्रम मोडू नका. मेनू बरोबर असल्याची खात्री होईपर्यंत छत्रीला हात लावायचा नाही, हा यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम.

टप्पा १: जागा आणि साहित्य

महाराष्ट्र आणि गोव्यातून हा उपग्रह आग्नेयेला, बराच उंचावर आहे. पुण्यातून त्याची उंची क्षितिजापासून सुमारे ५९ अंश येते. त्यामुळे समोरच्या इमारतीची फारशी भीती नसते: दहा मीटरवरची इमारत छत्रीपेक्षा सोळा मीटरहून जास्त उंच असेल तरच आड येते. खरी अडचण डोक्यावर असते. बाल्कनीत वरच्या मजल्याचा स्लॅब पुढे आलेला असेल, तर आग्नेय दिशा मोकळी दिसूनही सिग्नल स्लॅबवरच अडतो. छत्री त्या स्लॅबच्या सावलीतून पूर्ण बाहेर हवी. नारळाच्या किंवा आंब्याच्या फांद्यांचंही तसंच. उन्हाळ्यात फांदी आड येत नाही म्हणून तिथे बसवलेली छत्री पावसाळ्यात पालवी ओली झाली की बंद पडते.

साहित्य थोडकं आहे: ६० सेंटिमीटरची छत्री, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडून केबलमध्ये सोडणारा छोटा डबा), सेट-टॉप बॉक्स, आरजी-६ केबल, दोन एफ कनेक्टर, १० आणि १३ नंबरचे पाने, ओळंबा किंवा स्पिरीट लेव्हल, होकायंत्र. जमलं तर एक छोटा टीव्ही गच्चीवरच न्या. खाली टीव्हीपाशी कोणाला तरी उभं करून फोनवर "आला का? गेला का?" विचारत जुळवता येतं, पण दुप्पट वेळ लागतो.

बॉक्स घेतानाच एक गोष्ट बघा. जुने एमपीईजी-२ बॉक्स फक्त डीव्हीबी-एस पद्धतीचे चॅनेल उलगडतात. एमपीईजी-४ चे चॅनेल डीव्हीबी-एस२ वर येतात, आणि ते जुन्या बॉक्सवर कधीच दिसणार नाहीत. शेजाऱ्याकडे दिसणारा चॅनेल तुमच्याकडे दिसत नसेल तर आधी बॉक्सचा प्रकार तपासा.

सावध: घरात दुसऱ्या कंपनीचा जुना एलएनबी पडलेला असेल तर त्याच्यावरचं लेबल वाचल्याशिवाय वापरू नका. ९७५० आणि १०६०० असे दोन आकडे लिहिलेले हवेत. एकटा १०६०० किंवा १०७५० असेल तर तो इथे निरुपयोगी आहे. कारण टप्पा ४ मध्ये येईल.

टप्पा २: पाइप ओळंब्यात उभा करा

हा टप्पा लोक पाच मिनिटांत उरकतात आणि पुढे त्याची किंमत मोजतात. पाइप एका बाजूला दोन अंश कलला असेल, तर क्लॅम्पवरचा उंचीचा आकडा खोटा ठरतो. शिवाय छत्री आडवी फिरवताना तिची उंचीही नकळत बदलत राहते. मग दोन गोष्टी एकाच वेळी हलतात आणि नेमकं काय चुकतंय ते सापडत नाही.

ओळंबा एकाच बाजूने लावून भागत नाही. एकदा समोरून आणि एकदा काटकोनात, अशा दोन बाजूंनी बघा. पाइप कठड्याला किंवा स्लॅबला फास्टनरने पक्का करा. नुसत्या पत्र्यावर बसवू नका. वाऱ्यात पत्रा थरथरतो आणि छत्रीही.

तपासा: पाइप हाताने जोरात ढकला. टोक जरासुद्धा हललं तर आत्ताच कसा. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड ५ मिलिमीटर सरकली म्हणजे छत्री जवळजवळ एक अंश फिरली, आणि शेजारचा उपग्रह दीड अंशावरच आहे.

सावध: वीजवाहिनी जवळून जात असेल तर पाइप उभा करताना त्याचं टोक तारेकडे झुकणार नाही एवढं अंतर हवं. ढग गडगडत असताना गच्चीवर हे काम करू नका.

टप्पा ३: केबलची टोकं

केबलमधून फक्त सिग्नल खाली येत नाही, त्याच तारेतून बॉक्स एलएनबीला वीज वर पाठवतो. म्हणून टोकाशी झालेली छोटी चूकही पूर्ण काम बंद पाडते.

१. बॉक्सचा प्लग काढा. नुसता रिमोटने बंद करू नका.

२. बाहेरचं काळं किंवा पांढरं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोला. आतली जाळी मागे आवरणावर दुमडा.

३. पांढऱ्या इन्सुलेशनचा सहा-सात मिलिमीटर भाग ठेवून पुढची मधली तार उघडी करा. तारेवर ओरखडा पडू देऊ नका.

४. कनेक्टर चढवा. आतून बघितल्यावर पांढरं इन्सुलेशन कनेक्टरच्या तळाशी सपाट टेकलेलं दिसलं पाहिजे, आणि मधली तार तोंडाच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर.

जाळीची एक जरी बारीक तार मधल्या तारेला टेकली तर शॉर्ट होतो. बॉक्स तेव्हा एलएनबी शॉर्ट किंवा ओव्हरलोड असा संदेश देतो, काही बॉक्स काहीच सांगत नाहीत. फिरवून बसवायचे कनेक्टर स्वस्त असतात, पण पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी घेतात. क्रिम्प केलेले किंवा कॉम्प्रेशनचे वापरा. पक्कड नसेल तर केबलच्या दुकानात टोकं करून मिळतात.

केबलला मध्ये जोड देऊ नका. एकसंध तुकडा घ्या.

तपासा: दोन्ही टोकं जोडून बॉक्स चालू करा आणि मेनूत सिग्नलचं पान उघडा. छत्री कुठेही बघत असली तरी स्ट्रेंग्थ काहीतरी दाखवेल. आता बॉक्सच्या मागची केबल काढा. स्ट्रेंग्थ स्पष्ट खाली आली, तर केबल आणि एलएनबी दोन्ही जिवंत आहेत. काहीच फरक पडला नाही, तर दोष केबलमध्ये किंवा एलएनबीत आहे. पुढे जाण्यात अर्थ नाही.

स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी

वरच्या तपासणीतच खुलासा आहे. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून बॉक्सपर्यंत येणारी एकूण ताकद. त्यात एलएनबीचा स्वतःचा गोंगाट आणि भलत्याच उपग्रहाचा सिग्नल, सगळं धरलेलं असतं. भर बाजारात आवाज भरपूर असतो, पण त्यातला एकही शब्द तुमच्यासाठी नसतो, तसंच हे. क्वालिटी म्हणजे तुम्ही मागितलेला नेमका प्रवाह बॉक्सला किती चुकांशिवाय उलगडता आला, त्याचं माप.

म्हणून छत्री जुळवताना स्ट्रेंग्थकडे बघायचंच नाही. फक्त क्वालिटी. दोन वेगवेगळ्या बॉक्सचे टक्के एकमेकांशी ताडूनही बघू नका. प्रत्येक कंपनी तो आकडा आपल्या पद्धतीने काढते.

टप्पा ४: मेनू आधी, छत्री नंतर

बहुतेक बॉक्समध्ये इन्स्टॉलेशनचं पान असतं. त्यात एकेक ओळ भरायची. इथे घाई करू नका, कारण यातली एक ओळ चुकली तरी छत्री अगदी बरोबर बघत असूनही क्वालिटी शून्यच राहते.

१. एलएनबी फ्रिक्वेन्सी: ९७५०/१०६०० किंवा युनिव्हर्सल. उपग्रहाची फ्रिक्वेन्सी इतकी वरची असते की ती जशीच्या तशी केबलमधून खाली आणता येत नाही. एलएनबी तिच्यातून स्वतःची ठरलेली फ्रिक्वेन्सी वजा करतो आणि उरलेली केबलमध्ये सोडतो. फ्री डिशचा एक प्रवाह ११०९० मेगाहर्ट्झवर आहे. त्यातून ९७५० वजा केले की १३४० उरतात. बॉक्सला ९५० ते २१५० च्या मधलं ऐकू येतं, म्हणजे १३४० ठीक. आता मेनूत चुकून १०६०० एकटा निवडला, तर बॉक्स ४९० वर शोधतो आणि तिथे काहीच नसतं. एकट्या १०६०० किंवा १०७५० चा जुना एलएनबी चालत नाही, त्याचं कारणही हेच. काही बॉक्स कारखान्यातून ५१५० वर येतात. तो सी बँडच्या मोठ्या छत्रीचा आकडा आहे. मुकाट्याने बदला.

२. २२के: बंद किंवा ऑटो. हा केबलमधून वर जाणारा २२ किलोहर्ट्झचा सूर आहे. तो मिळाला की युनिव्हर्सल एलएनबी ९७५० सोडून १०६०० वर जातो. ११७०० च्या वरच्या फ्रिक्वेन्सींसाठी ती सोय आहे. फ्री डिशचे प्रवाह खालच्या पट्ट्यात आहेत. २२के चालू राहिला तर एलएनबी चुकीच्या पट्ट्यात बसून राहतो. मला विचाराल तर हे या मेनूतलं सगळ्यात फसवं खातं, कारण याचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच असतो.

३. डायसेक: बंद. एका बॉक्सला दोन-चार एलएनबी जोडताना मधे जो स्विच लागतो, त्याच्यासाठी हे आहे. स्विच नसेल तर याला हात लावू नका.

४. एलएनबी पॉवर: चालू. १३/१८ किंवा ऑटो असा पर्याय असेल तर ऑटो ठेवा.

५. ट्रान्सपाँडर (एकेक प्रवाह पाठवणारा उपग्रहावरचा भाग): ११०९०, व्ही, २९५००. पहिला आकडा फ्रिक्वेन्सी. व्ही म्हणजे उभं ध्रुवीकरण (पोलरायझेशन), म्हणजे लाट उभी थरथरते. बॉक्स ते एलएनबीला व्होल्टने सांगतो, उभ्यासाठी १३ आणि आडव्यासाठी (एच) १८. तिसरा आकडा सिम्बॉल रेट, म्हणजे सेकंदाला किती हजार सिम्बॉल येतात. अनेक बॉक्समध्ये नवी नोंद करताना २७५०० आपोआप येतं आणि लोक ते तसंच ठेवतात. दोन हजारांचा हा फरक बॉक्स पोटात घालत नाही. ११०९० प्रमाणेच ११४७० सुद्धा व्ही आणि २९५०० वर भरून ठेवा. पडताळायला दुसरा प्रवाह हाताशी असलेला बरा.

६. एफईसी: ऑटो. पाठवलेल्या बिटांपैकी किती खऱ्या माहितीचे आणि किती चुका दुरुस्त करण्यासाठीचे, हे प्रमाण. ३/४ म्हणजे चारातले तीन माहितीचे. बॉक्स ते स्वतः ओळखतो.

तपासा: मल्टिमीटर असेल तर एलएनबीकडचं टोक काढून मधली तार आणि कनेक्टरचं अंग यांच्यामध्ये व्होल्ट मोजा. व्ही निवडलं असताना १३ च्या आसपास, एच निवडलं तर १८ च्या आसपास. आकडा बदलत नसेल तर मेनूत किंवा बॉक्समध्ये दोष आहे. मोजताना दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.

टप्पा ५: उंची, मग दिशा

आता छत्री. ऑफसेट छत्री दिसायला जवळजवळ उभी असते, पण ती वर आभाळाकडे बघत असते. सिग्नल तिरका येऊन खालच्या बाजूच्या एलएनबीवर पडतो. त्यामुळे ५९ अंश उंची म्हणून छत्री मागे ५९ अंश कलवू नका. क्लॅम्पवर जी पट्टी छापलेली असते, तिच्यात हा फरक बहुतेक वेळा धरलेलाच असतो. पट्टीवरचा आकडा जुळवा, डोळ्यांवर जाऊ नका.

दिशेचा कोन उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायचा. जीसॅट-१५ साठी हिशेबाने हे आकडे येतात:

मुंबई: दिशा १३१, उंची ५७.५
पुणे: दिशा १३२, उंची ५९
कोल्हापूर: दिशा १२९, उंची ६०
छत्रपती संभाजीनगर: दिशा १३६, उंची ५९
नागपूर: दिशा १४४.५, उंची ६०
पणजी: दिशा १२७, उंची ६१

आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात एक अंशाहून कमी फरक आहे, तेव्हा दुरुस्ती लागत नाही. चूक होते ती लोखंडामुळे. पाइपला टेकवून धरलेला फोन किंवा होकायंत्र सहज वीस अंश खोटं सांगतं. पाइपपासून दोन-तीन मीटर मागे उभे राहा, तिथून दिशा घ्या, आणि त्या रेषेवरची लांबची एखादी खूण, टाकी किंवा झाड, लक्षात ठेवा. मग छत्रीचा दांडा त्या खुणेकडे करा.

उंची जुळवून नट हलके कसा. आता फक्त आडवं फिरवायचं. पूर्वेकडे पंधरा अंश जा आणि तिथून पश्चिमेकडे अगदी सावकाश या. प्रत्येक वेळी कड ५ मिलिमीटर सरकवा आणि दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला प्रवाह पकडून आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत राहिलात तर बरोबर जागेवरून निघून जाल आणि कळणारही नाही. पूर्ण फेरीत काही मिळालं नाही, तर उंची एक अंश वर करून तीच फेरी, मग एक अंश खाली करून पुन्हा. इथे धीर सुटतो आणि लोक दोन्ही नट सोडतात. तसं करू नका.

क्वालिटी दिसली की थांबा. पण लगेच खूश होऊ नका.

सावध: ९५ अंशांवर एसईएस-८ आणि ९१.५ अंशांवर मेआसॅट असे शेजारी उपग्रह आहेत. ६० सेंटिमीटरच्या छत्रीला ते सहज दिसतात. पुण्यातून ९५ अंशांचा उपग्रह जीसॅट-१५ च्या डावीकडे सव्वादोन अंश आणि सव्वा अंश खाली आहे, म्हणजे छत्रीची कड जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकली की तुम्ही भलतीकडे. शिट्टी वाजवणारा स्वस्त सॅटफाइंडर यात फसवतो, कारण तो फक्त ताकद मोजतो. कोणता उपग्रह आहे ते त्याला कळत नाही.

तपासा: पकडलेल्या एका ट्रान्सपाँडरचंच स्कॅन करा. दूरदर्शनचे चॅनेल नावासकट आले तर जागा बरोबर. सगळे चॅनेल बंद कुलपाचे आले तर शेजाऱ्याकडे बघताय. ब्लाइंड स्कॅनमध्ये, म्हणजे आकडे न देता बॉक्स सगळंच शोधतो तेव्हा, मात्र काही कुलूपबंद चॅनेल येणारच, कारण याच जागेवरून सन डायरेक्टचंही प्रसारण होतं. तेवढ्यावरून छत्री हलवू नका.

टप्पा ६: एलएनबीचा तिरकेपणा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, म्हणून कोरड्या हवेत उत्तम चालणारी छत्री पहिल्या सरीत बंद पडते.

उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नाही, आग्नेयेला आहे. त्यामुळे तिथलं उभं ध्रुवीकरण आपल्यापर्यंत तिरकं पोचतं. हिशेबाने हा कोन पुणे-मुंबईत सुमारे ४५ अंश येतो, नागपुरात ३३ च्या आसपास, पणजीत ५० च्या. छत्रीच्या समोर, तिच्याकडे तोंड करून उभे राहिलात तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. ४५ अंश म्हणजे एलएनबी सरळ ठेवला तर उभ्या आणि आडव्या दोन्ही लाटा सारख्याच आत येतात, आणि उलट्या दिशेला तेवढाच फिरवला तर नेमकी आडवी लाट पकडली जाते. दोन्ही वेळा स्ट्रेंग्थ छान दिसते!

हा कोन सुरुवातीपुरता धरा. एलएनबीवरची शून्याची खूण प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी असते. धारकाचा स्क्रू सैल करून दोन्ही बाजूंना पाच-पाच अंशांनी फिरवा, दर वेळी थांबा, आणि क्वालिटी जिथे सर्वांत वर जाते तिथे ठेवा. मग एलएनबी धारकात पुढे-मागे एक-दोन मिलिमीटर सरकवूनही बघा. क्वालिटी अजिबात मिळत नव्हती म्हणून तुम्ही टप्पा ५ वर अडला असाल, तर एलएनबी ९० अंश फिरवून तीच फेरी पुन्हा करा.

टप्पा ७: कसणं आणि पाणी अडवणं

नट कसताना छत्री हलते. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. आळीपाळीने थोडं थोडं, नजर क्वालिटीवर ठेवून. आकडा दोन-चार टक्क्यांनी पडला तर सैल करून पुन्हा. शेवटी क्लॅम्प आणि पाइप दोन्हींवर ओलांडून जाणारी एक रेघ रंगाने ओढा. वादळानंतर छत्री फिरली का, ते त्या रेघेवरून एका नजरेत कळतं.

एलएनबीजवळच्या कनेक्टरवर रबरी सेल्फ-सीलिंग टेप गुंडाळा. साधी चिकटपट्टी उन्हात सुटते. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली लोंबती वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, भिंतीत जाणार नाही. पाइपला अर्थिंग द्या.

टप्पा ८: पूर्ण स्कॅन

आता नेटवर्क स्कॅन चालू करून सगळे ट्रान्सपाँडर शोधू द्या. थोडे चॅनेल कमी आले तर ११०९० आणि ११४७० दोन्हींची क्वालिटी वेगवेगळी बघा. ११०९० ची उत्तम आणि ११४७० ची बरीच कमी असेल, तर दिशा ठीक आहे. केबल किंवा एलएनबी वरच्या फ्रिक्वेन्सीला दम तोडतोय. एमपीईजी-४ चे चॅनेल तेवढे अडखळत असतील, तर त्यातली ८पीएसके पद्धत जुन्या क्यूपीएसकेपेक्षा स्वच्छ सिग्नल मागते. टप्पा ६ पुन्हा करा.

दुसऱ्या खोलीत दुसरा बॉक्स हवा असेल तर दोन तोंडांचा एलएनबी घ्या. केबल टीव्हीचा स्प्लिटर वापरू नका. दोन बॉक्सचे व्होल्ट एकमेकांत मिसळतात.

नंतर बंद पडलं तर

मुसळधार पावसात काही मिनिटं चित्र जाणं केयू पट्ट्यात होतंच. पाऊस ओसरल्यावर परत आलं तर काही करायचं नाही. पाऊस थांबूनही आलं नाही, तर कनेक्टर उघडून आत पाणी किंवा हिरवा गंज आहे का बघा.

मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, काही दिवस दुपार होण्याआधी ठरावीक वेळी थोडी मिनिटं चित्र जातं. सूर्य तेव्हा उपग्रहाच्या थेट मागे येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नल बुडवतो. या दिवसांत छत्री हलवली तर चांगलं जुळलेलं बिघडेल.

आणि १ एप्रिल. प्रसार भारती फ्री डिशवरच्या जागांचा दरवर्षी ई-लिलाव करते, नव्या जागा तेव्हापासून लागू होतात. काही चॅनेल जातात, काही नवे येतात, काहींचा ट्रान्सपाँडर बदलतो. त्या आठवड्यात आवडता चॅनेल दिसेनासा झाला तर गच्चीवर चढू नका. ११०९० ची क्वालिटी पूर्वीइतकीच आहे का ते बघा. असेल तर जुनी यादी पुसून पुन्हा स्कॅन करा.